तेलाचा डाग म्हणजे पाणी

माझ्या सहा वर्षांच्या मुलीला चाळीस चिनी अक्षरं वाचता येतात, असं मी ऑफिसात, फोनवर आणि दोन व्हॉट्सॲप ग्रुपांवर मिळून निदान तीसेक माणसांना सांगितलं. तिला एकही येत नव्हतं.

मी खोटं बोललो नाही, हे आधीच सांगून टाकतो. खोटं बोलायला थोडी तरी अक्कल लागते. मी ते अगदी मनापासून मानत होतो. वर आणि माझा धंदा काय, तर सॉफ्टवेअर टेस्टिंग. जर्मनीत, फ्रँकफुर्टजवळच्या एश्बॉर्नमधल्या एका काचेच्या इमारतीत बसून दुसऱ्यांनी केलेल्या कामातली खोट शोधायची, यावर गेली अकरा वर्षं आमचं घर चाललं आहे.

आता मराठी घरातल्या पोरीला चिनी अक्षरांचं काय पडलं होतं, तर त्याचं कारण आमच्या वरच्या मजल्यावर राहतं. तिथे एक चिनी कुटुंब आहे आणि त्यांची मुलगी आमच्या मुलीपेक्षा अकरा दिवसांनी मोठी. दोघी एका किटात, म्हणजे बालवाडीत, तीन वर्षं एकत्र होत्या. ऑगस्टअखेरीस शाळेच्या पहिल्या दिवशी दोघी आपल्या उंचीएवढे खाऊचे कागदी शंकू छातीशी धरून एकाच वर्गात गेल्या. त्यांचे बूट कुणाच्या दाराबाहेर आहेत त्यावरून त्या कुठे आहेत ते ओळखायचं. तर त्या वरच्या मुलीचं नाव फ्रँकफुर्टमधल्या शनिवारच्या चिनी शाळेत घातलं, आणि आमची जिन्याचा कठडा धरून उभी राहिली. मी पण जाणार.

मला वाटलं, दोन दिवसांत विसरेल. ती विसरली नाही. आणि तिसऱ्या दिवशी तिच्यापेक्षा मलाच जास्त उत्साह आला, हे माझ्या बाबतीत नेहमी होतं.

शनिवारची ही शाळा एका जर्मन शाळेचे तीन वर्ग सकाळपुरते घेऊन चालते. शिकवणाऱ्या बाई पन्नाशीच्या, बुटक्या, केस कानापर्यंत कापलेले. त्यांचं जर्मन इतकं स्वच्छ, की माझं भाषेचं सर्टिफिकेट खिशातल्या खिशात चुरगळून टाकावंसं वाटलं. मी त्यांना तोंडावर 'फ्राऊ' म्हणत असलो तरी मनात पहिल्या दिवसापासून बाईच म्हणत होतो.

"हा वर्ग घरी चिनी बोलणाऱ्या मुलांचा आहे," बाई म्हणाल्या. "तुमच्या घरी कोण बोलतं?"

"वरच्या मजल्यावर बोलतात," मी म्हणालो.

बाई हसल्या नाहीत. त्यांनी मुलीला चिनीत पाच-सहा प्रश्न विचारले. तीन वर्षं मैत्रिणीच्या घरी जेवून-खेळून हिला बरंच कळत होतं, तिनं उत्तरंही दिली. बाईंच्या भुवया जरा वर गेल्या. मग त्यांनी अट सांगितली. ऑक्टोबरची सुट्टी लागायच्या आधीच्या शनिवारी त्या वीस अक्षरं तोंडी सांगणार आणि हिनं ती कागदावर लिहायची. पंधरा बरोबर आली तर हिनं इथेच मैत्रिणीशेजारी बसायचं. नाही आली तर बुधवारच्या गटात जायचं. बुधवारचा गट म्हणजे चार वर्षांची मुलं, गाणी आणि रंगवायची चित्रं.

हे सगळं बोलणं मुलीच्या समोरच झालं, आणि जर्मन तिला माझ्यापेक्षा जास्त समजतं. तिनं मैत्रिणीच्या जॅकेटची बाही घट्ट धरली. परतताना एस-बानमध्ये, म्हणजे इथल्या लोकलमध्ये, ती मला जर्मनमध्ये म्हणाली, "बुधवारी मी जाणार नाही. तिच्याशेजारी नसेल तर नकोच."

आमच्या घरात मी मराठी बोलतो आणि ती जर्मनमध्ये उत्तर देते. म्हणून तिचं बोलणं इथे मराठीत लिहिलं असलं, तरी ते बहुतेक जर्मन होतं असं समजून चालावं.

हातात सहा शनिवार होते. मी लगेच प्रोजेक्ट हातात घेतला. एक्सेलची फाइल केली, टप्पे पाडले. पहिला टप्पा वाचणं, दुसरा लिहिणं. बाईंनी वीस मागितली आहेत ना, मग आपण चाळीस देऊ. जाड कागद आणला आणि जेवणाच्या टेबलावर बसून, एका हातानं थालीपीठ खात, चाळीस कार्डं कापली. चिनी अक्षरं इंटरनेटवर बघून मार्करने काढली. त्या कात्रीला धार नव्हती आणि मला धीर नव्हता. पण कार्डं झाली.

संध्याकाळी कामावरून आलो की मी एकेक कार्ड वर करायचो आणि ती सांगायची. पहिल्या दिवशी चार आली. तिसऱ्या दिवशी तेरा. दहाव्या दिवशी चाळीसच्या चाळीस. शेवटी शेवटी तर मी कार्ड गठ्ठ्यातून पुरतं वर काढायच्या आत, नुसता कोपरा दिसला की ती 'डोंगर', 'झाड', 'आग' असं धडाधड म्हणायची. मी बायकोला म्हटलं, ही साधी मुलगी नाही. बायको म्हणाली, "बघू या." तिला माझ्या उत्साहाची जुनी ओळख आहे.

त्या दिवसांत सासूबाई पुण्याहून तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आल्या होत्या. त्यांनी नोकरीची चौतीस वर्षं शाळेत पहिलीच्या वर्गावर काढली. बढती मिळत असताना त्यांनी पहिलीच मागून घेतली, असं त्यांच्या घरी अजून सांगतात. त्यांना हा प्रकार पटेना.

"अहो, हिला मी ग म भ न शिकवायला घेतलं तर खुर्चीवर बूड टेकत नाही," त्या म्हणाल्या, "आणि हे चाळीस दहा दिवसांत?"

"आई, शेवटी पद्धतीचा फरक असतो," मी म्हणालो.

हे वाक्य मी चौतीस वर्षं पहिली शिकवलेल्या बाईला म्हणालो. त्या चष्मा पुसत राहिल्या.

मग मी फोन करत सुटलो. आणि एवढ्यावर न थांबता एका रविवारी चार मराठी कुटुंबांना इडलीला बोलावलं. इडली हे निमित्त होतं. पाहुण्यांपुढे ती तेलकट, वाकडी कार्डं कशी काढायची, म्हणून मी आदल्या शुक्रवारी ऑफिसात थांबून नवीन चाळीस कार्डं केली. ठसठशीत छापील अक्षरं, कटरने नेमकी कापलेली, वर प्लास्टिकचं आवरण. एक झाकावं आणि दुसरं काढावं.

इडल्या झाल्या. चहा झाला. मी मुलीला सगळ्यांच्या मधे उभं केलं आणि पहिलं कार्ड वर धरलं.

ती गप्प.

मी हसलो. लाजली, म्हटलं. दुसरं कार्ड धरलं. तिनं ते माझ्या हातातून घेतलं, उलटं करून पाहिलं, कडेवरून बोट फिरवलं, चारही कोपरे तपासले. मग अगदी कामाचा प्रश्न विचारावा तसं म्हणाली, "पप्पा, ह्याचा फ्लेक कुठाय?"

फ्लेक म्हणजे डाग.

मला कळलं नाही. पाहुण्यांनाही नाही. तेव्हा ती आत गेली, जुना गठ्ठा घेऊन आली आणि मला मदत करावी म्हणून एकेक कार्ड सगळ्यांना समजावून सांगू लागली. हा तेलाचा डाग म्हणजे पाणी. हा चहाच्या कपाचा गोल आहे तो सूर्य. हे पप्पांनी वाकडं कापलं, ते झाड. ह्याचा कोपरा मी चावला, हा डोंगर. ही हळद लागली आहे ती आग. अक्षराकडे तिनं कधी पाहिलंच नव्हतं. तिला वाटत होतं, खेळच असा आहे. चाळीस कार्डांची चाळीस व्यंगं तिनं दहा दिवसांत पाठ केली होती आणि ती सगळी मी पुरवली होती.

पाहुणे फार खूश झाले. इतका चांगला रविवार त्यांनी जर्मनीत घालवला नव्हता. न्युरेम्बर्गहून आलेला माझा एक जुना मित्र डोळे पुसत म्हणाला, "अरे, तू टेस्टिंगलाच आहेस ना अजून?"

तोच तोच डेटा घालून दहा दिवस टेस्ट केली आणि सगळं हिरवं, म्हणजे पास, आलं म्हणून पार्टी दिली, असं कुणी माझ्या टीममध्ये केलं असतं तर मी त्याला बाकावर उभं केलं असतं.

आपलं काही चुकलं आहे, हे मुलीला हसण्यावरून कळलं. दुपारी मी कार्डं आवरत होतो तर ती दारात येऊन उभी राहिली. "म्हणजे मला बुधवारी जावं लागणार?" तिनं विचारलं. तेव्हा माझी सगळी गंमत संपली. सहातले दोन शनिवार मी थालीपिठावर घालवले होते. चार उरले होते.

पुढच्या शनिवारी मी बाईंपुढे सगळं कबूल केलं. बाईंनी कार्डं बघायला मागितली. त्यांनी ती एकेक करून पाहिली. तेलाच्या डागाचं कार्ड उजेडाकडे धरलं, चावलेला कोपरा पाहिला. मग सगळा गठ्ठा आपल्या टेबलाच्या खणात टाकला आणि खण बंद केला.

"मुलं हुशार असतात," बाई म्हणाल्या. "ओळखायला जे सगळ्यात सोपं असेल, ते धरतात. डाग अक्षरापेक्षा सोपा आहे. आता तुम्ही शिकवायचं नाही. मागे बसायचं आणि बघायचं."

मागे म्हणजे शेवटच्या बाकावर, सात वर्षांच्या मुलांच्या खुर्चीत. माझे गुडघे कानाला लागत होते. पण त्या खुर्चीत बसून मी जे पाहिलं, त्यानं मला पुन्हा वेड लागलं.

आधी तर पहिली वीस मिनिटं कुणाच्याही हातात पेन्सिल नाही. सगळी मुलं उभी. बाई फळ्यासमोर हात उंच करतात आणि हवेत एक अक्षर लिहितात, खांद्यापासून, भिंत रंगवावी तसं. मुलं त्यांच्यामागे. प्रत्येक रेघेला नाव आहे. आडवीला एक, उभीला एक, डावीकडे उतरणारीला एक, उजवीकडे घसरत जाऊन पाय लांबवणारीला एक. ती नावं सगळी मिळून एका तालात म्हणतात. अठरा हात एकदम आडवे जातात, एकदम खाली येतात. माझ्या अंगावर काटा आला. तिथे कार्ड नव्हतं, कागद नव्हता, हवेला डाग कुठून पडणार?

मग मुलं आगगाडीसारखी रांगेत बसतात आणि प्रत्येकानं पुढच्याच्या पाठीवर बोटानं अक्षर लिहायचं. पुढच्यानं ओळखायचं. माझी मुलगी मैत्रिणीच्या पाठीवर लिहीत होती. चुकीची रेघ आली की मैत्रीण न बघता मान हलवायची. रेघ आधी-नंतर झाली तरी तिच्या पाठीला समजायचं.

त्यानंतर वही. वहीत ओळी नसतात, चौकोन असतात. प्रत्येक चौकोनात तुटक रेघांची फुली, म्हणजे एका घराच्या चार खोल्या. कोणती रेघ कोणत्या खोलीत राहते ते ठरलेलं. चारही बाजूंनी बंद अक्षर असेल तर आधी तीन भिंती, मग आतलं सामान, मग खालची भिंत. बाई म्हणतात, "आधी घरात जा, मग दार लावा." एका मुलानं आधीच दार लावलं, तर शेजारच्यानं त्याला विचारलं, "आता सोफा खिडकीतून घेणार का?"

दुसऱ्या तासाला बाईंनी मलाही वही दिली. मी बाह्या सरसावल्या. झाड, माणूस, मोठा, डोंगर, अशी चार अक्षरं एका ओळीत छान काढली. थोडी बुटकी होती, पण होती. आणि मग माझ्या हातानं, माझी परवानगी न घेता, डावीकडून उजवीकडे चारही अक्षरांच्या डोक्यावरून एक सरळ लांब रेघ ओढली. शब्द लिहून झाला की वरची रेघ मारायची, ही पहिलीपासूनची सवय. हाताला वाटलं, शब्द संपला.

माझ्याशेजारच्या मुलीनं ते पाहिलं आणि दुसरीला बोलावलं. तिनं तिसऱ्याला. दोन मिनिटांत अर्धा वर्ग माझ्या वहीभोवती. बाई आल्या. "हे काय आहे?"

"आमच्याकडे अक्षरं वरून टांगलेली असतात," मी म्हणालो.

बाईंनी चष्मा वर केला आणि खरंच कौतुकानं बघत राहिल्या. मग लाल पेन काढून चारही अक्षरं चूक दिली.

घरी येऊन मी सासूबाईंना हे सगळं हातवारे करून सांगितलं. हवेत लिहिणं, पाठीवर लिहिणं, घर आणि दार. पाच मिनिटं त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "म्हणजे गिरवून घेतात. एवढंच ना?"

त्या उठल्या, मोठं ताट काढलं, त्यात रवा पसरला आणि पोरीपुढे ठेवला. "लिही बोटानं. मला एक अक्षर येत नाही तुझं. तू मला शिकव."

हे मला कधी सुचलं नव्हतं. मी तिची परीक्षा घेत होतो. सासूबाई तिच्या विद्यार्थिनी झाल्या. वरची मैत्रीण रोज संध्याकाळी खाली यायची, ताटाच्या दोन बाजूंना दोघी, मधे आजी. आजीनं मुद्दाम रेघ उलटी ओढायची आणि दोघींनी आजीला रागवायचं. मी तोंडाचं अक्षर, म्हणजे साधा चौकोन, चार रेघांत काढला तर माझी मुलगी म्हणाली, "तीन, पप्पा. वरची आणि उजवीकडची एकच रेघ आहे, ती वळते." आणि आजीकडे बघून मान हलवली, की ह्यांचं असंच. मला त्या खोलीत एकच काम होतं. रवा सपाट करायचं.

बाई आणि सासूबाई एकमेकींना भेटल्या एकदाच, एका शनिवारी. एकीला मराठी येत नव्हतं आणि दुसरीला जर्मन. सासूबाईंनी मोबाइलवर रव्याच्या ताटाचा फोटो दाखवला. बाईंनी दोन्ही हातांनी त्यांचा हात धरला. नंतर दोघींनी माझ्याकडे पाहिलं, आणि मला वाटतं त्यांचं माझ्याबद्दलही एकमत झालं.

उरलेल्या चारांतल्या तिसऱ्या शनिवारची गोष्ट. शनिवारची शाळा सुटल्यावर आम्ही दोघं स्टेशनकडे चाललो होतो. नूडल्सच्या एका दुकानावर मोठी लाल पाटी होती. मी त्या पाटीखालून दर शनिवारी गेलो असेन. मुलगी थांबली. मान वर करून बघत राहिली. तिचं बोट मांडीशी हळूहळू हलत होतं.

"तिथे तोंड आहे," ती म्हणाली.

मला दिसेना. वीस-पंचवीस रेघांचं एक जंजाळ होतं.

"खाली. आत बसलंय. आणि त्या शेवटच्यात पाणी आहे, बघ, डाव्या बाजूला."

पाण्याचं अक्षर मला आता माहीत होतं आणि ते तिथे नव्हतं. डाव्या बाजूला एकाखाली एक तीन ठिपके होते. तिनं मला समजावलं. पाणी एकटं असलं की मोठं असतं, पण दुसऱ्या कुणाबरोबर एका चौकोनात राहायचं असलं की अंग चोरून कडेला उभं राहतं, आणि मग त्याचे तीनच थेंब उरतात. बाईंनी सांगितलं होतं. पाटी छापील होती, रंग वेगळा, आकार वेगळा, एकही कोपरा चावलेला नव्हता. आणि तिला त्या जंजाळात ओळखीची माणसं दिसत होती, गर्दीच्या फोटोत आपला काका दिसावा तशी.

मी इतका हरखलो, की सरळ दुकानात शिरून काउंटरवरच्या बाईंना सांगितलं, माझ्या मुलीनं तुमची पाटी वाचली. अर्धी. त्या म्हणाल्या, "असं का? काय लिहिलंय? मी क्रोएशियाची आहे."

आमची गाडी चुकली. पुढची वीस मिनिटांनी होती. प्लॅटफॉर्मवर तिनं जाहिरातींत, एका प्रवाशाच्या पिशवीवर, बिस्किटाच्या पुड्यावर तोंडं शोधली. बरीचशी जर्मन अक्षरंच निघाली, पण मी काही बोललो नाही. शिकवायचं नाही, असा हुकूम होता.

आणि हा हुकूम मी तीन आठवडे पाळला. एक सकाळ कमी म्हणा. कारण आता शेवटच्या शनिवारची सकाळ सांगायची आहे.

त्या सकाळी मैत्रीण तिच्या आईबरोबर मोटारीनं गेली होती. आम्ही दोघं एस-बानमध्ये समोरासमोर. मुलगी शांत होती. मला शांतता सोसत नाही. मी म्हटलं, नुसती उजळणी करू, शिकवत नाही. "मोठा?" तिनं हवेत काढून दाखवला. "डोंगर?" दाखवला. "डोळा?" ती गप्प. खिडकीबाहेर बघत राहिली. एक सेकंद, दोन सेकंद. मला वाटलं, विसरली.

"अगं, डोळा म्हणजे उभी शिडी," मी म्हणालो. "शिडी आठव."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मान डोलावली.

"पाऊस?" पुन्हा गप्प. "खिडकी आहे आणि बाहेर धो धो पडतोय, असं डोळ्यासमोर आण." "मासा?" गप्प. "मासा कुठे असतो? पाण्यात पोहतो की नाही?" माझी कल्पनाशक्ती अशी भरधाव सुटली होती, की आणखी दोन स्टेशनं लांब असती तर वीसही अक्षरांच्या गोष्टी झाल्या असत्या.

परीक्षेला पालक बाहेर. पण वर्गाच्या दाराला काचेची उभी पट्टी होती आणि मी तिला नाक लावून उभा राहिलो. बाई फिरत फिरत एकेक शब्द उच्चारत होत्या. मुलगी पहिल्या बाकावर, शेजारी मैत्रीण, मधे उभं केलेलं दप्तर. बाईंनी शब्द सांगितला. मुलीनं पेन्सिल उचललीच नाही. आणि मग मला तिचा डावा हात दिसला. बाकाखाली, गुडघ्यावर, तिचं बोट चाललं होतं. आडवी, उभी, डावीकडे, उजवीकडे. बोटानं अक्षर पुरं केलं, आणि मग उजव्या हातानं ते कागदावर उतरवलं, एका दमात. पुढचा शब्द. पुन्हा गप्प, पुन्हा बोट, पुन्हा पेन्सिल.

गाडीतही ती अशीच गप्प झाली होती. दप्तर मांडीवर होतं. बोट दप्तराखाली होतं. ती विसरली नव्हती. ती लिहीत होती, आणि मी मधे बोलत होतो.

मी काचेवर कपाळ टेकलं. आत बाईंनी पुढचा शब्द सांगितला आणि माझी मुलगी बोट न हलवता थेट कागदावर ठिपके द्यायला लागली. पावसाच्या अक्षरात चार ठिपके असतात, एवढं मलाही माहीत होतं. मी मोजले. सहाच्या पुढे मोजवेना.

त्यानंतरचा अर्धा तास मी शाळेच्या पॅसेजमध्ये असा फिरलो, की शाळेची देखभाल पाहणारा, शिपायासारखा दिसणारा हाउसमाइस्टर येऊन विचारून गेला, काही हरवलं आहे का. पंधरा लागत होती. विसांतली मी नेमकी किती बुडवली, याचा हिशेब मी परत परत करत होतो, आणि बुधवारचा गट, गाणी, रंगवायची चित्रं, मैत्रिणीशेजारची रिकामी खुर्ची, हे सगळं माझ्यासमोर येत होतं.

बाई बाहेर आल्या. हातात कागद. मुलगी त्यांच्या मागे, मैत्रिणीची बाही धरून.

"सतरा," बाई म्हणाल्या. "ती इथेच बसेल."

मी काय केलं ते नीट आठवत नाही. बहुधा मी बाईंना नमस्कार केला, अगदी वाकून, आणि त्या एक पाऊल मागे सरकल्या. दोघी मुली पॅसेजमधून पळत जाऊन पळत परत आल्या. पुन्हा गेल्या. बाईंनी कागद माझ्यापुढे धरला. सतरा अक्षरं आपापल्या खोल्यांत नीट बसलेली. उरलेल्या तिघांना लाल गोल. बाई त्या गोलांवर बोट ठेवून म्हणाल्या, "मागच्या शनिवारी हिनं ही तिन्ही बरोबर लिहिली होती. आज काय झालं, मला समजत नाही."

मी म्हणालो, मलाही समजत नाही. हे मात्र खोटं होतं.

घरी आल्यावर सासूबाईंनी कागद मागून घेतला. खुर्ची खिडकीपाशी ओढली, चष्मा लावला आणि पोरीला शेजारी उभं करून, चौतीस वर्षं तपासले असतील तसा एकेक चौकोन तपासला. सतरा पाहून झाल्यावर त्यांनी पोरीच्या पाठीवर हात ठेवला. मग पहिल्या लाल गोलाशी थांबल्या. पाच पायऱ्यांची लांबलचक शिडी होती. दुसऱ्या गोलात एक खिडकी आणि तिच्यात अकरा थेंब. तिसऱ्यात मासा, आणि त्याच्याखाली तीन लाटा, आणि एका लाटेवर होडी.

"हे गं काय?" सासूबाईंनी विचारलं.

मुलगी एरवी मराठीत उत्तर देत नाही. आजीला कळावं म्हणून तिनं त्या दिवशी दिलं. "हे पप्पांनी सांगितलं. ट्रेनमध्ये."

सासूबाईंनी कागदाची घडी घातली, चष्मा काढला आणि माझ्याकडे पाहिलं.

"अहो, म्हणजे तुम्ही घरी राहिला असतात, तर पोरीचे वीसपैकी वीस होते."